दोराच्या एकाच बाजूला उभं करा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

वर्तमानपत्रांच्या नोकरी-व्यवसायाच्या पानांवर हल्ली कर्मचाऱ्यांच्या ‘टीम बिल्डिंग’बद्दल बरंच छापून येतं. ऑफिसात खेळायचे दहा मजेदार खेळ, सहलीत खेळायचे पंधरा. मी ते सगळं कापून ठेवते. आमच्या कारखान्यात असे कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत मी सहा वर्षं आहे, त्यामुळे मला त्याची गरज पडते. पण या याद्यांमध्ये मला हवं असतं तेच नसतं. सामान काय लागेल, वेळ किती, माणसं किती, हे सगळं दिलेलं असतं. कुणाला कुणाच्या जोडीला बसवायचं आणि कुणाकडे काय मागायचं नाही, हे मात्र कुणी लिहीत नाही. माझ्या अनुभवात खेळ तरतो की बुडतो ते यावरच ठरतं. म्हणून हे पत्र. थोडं लांबलं आहे, सांभाळून घ्यावं.

मी डिस्पॅच विभागात आहे. चोवीस वर्षं झाली. तयार माल मोजायचा, खोक्यांत भरायचा, चलन (कुठला माल किती ते लिहिलेला कागद) लावायचं आणि गाडीत चढवायचा, हे आमचं काम. आमचं आणि अकाउंट्सचं फारसं कधी पटलं नाही. त्यांना कागद वेळेवर हवा असतो, आम्हाला गाडी वेळेवर सुटायला हवी असते. चलनावरचा आकडा आणि बिलावरचा आकडा जुळला नाही की वरून फोन यायचा आणि दोन्हीकडचे आवाज चढायचे. समोरासमोर आम्ही क्वचितच भेटायचो. ते दुसऱ्या मजल्यावर, आम्ही मागच्या शेडमध्ये. कित्येकांना मी फक्त आवाजावरून ओळखायचे.

याच दोन विभागांमध्ये एका वर्षी क्रीडादिनाला रस्सीखेच लावली. मी तेव्हा समितीत नव्हते, पण ज्यांनी ठरवलं त्यांचा हेतू चांगला होता हे मला माहीत आहे. नेहमी भांडतात, एकदा मैदानावर भांडू द्या, मोकळे होतील, असा त्यांचा विचार. एक फेरी त्यांनी जिंकली, एक आम्ही. तिसऱ्या फेरीत दोर आमच्याकडे सरकत होता आणि अचानक समोरून सुटला. आमचे मागचे तिघे पाठीवर आपटले. एकाच्या कोपराचं साल निघालं, दुसऱ्याची कंबर आठवडाभर धरलेली होती.

हात घसरला की मुद्दाम सोडला, यावर मैदानावरच वादावादी झाली. मोकळं होणं तर दूरच. पुढचे सात-आठ महिने बिलात काही राहिलं की आमच्याकडचं कुणीतरी फोनवर म्हणायचं, ‘तुम्ही लोक सोडूनच देता.’ त्यांच्याकडून उत्तर यायचं, ‘तुम्हाला फक्त ओढता येतं.’ ज्यांचं आधी नुसतं कामावरून वाजायचं, त्यांच्यात आता वैर आलं होतं. त्याआधी निदान महिनाअखेरीला दोन माणसं एकमेकांकडे जाऊन कागद जुळवायची. तेही बंद पडलं.

पुढे मी समितीत गेले तेव्हा माझी मुलगी मानसशास्त्र शिकत होती. तिच्या पुस्तकात मुझफर शेरीफ यांच्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि मला आमचं मैदानच आठवलं. १९५४ साली अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह इथे एक उन्हाळी शिबिर भरवलं होतं. अकरा-बारा वर्षांची २२ मुलं, एकमेकांना न ओळखणारी. त्यांचे दोन गट केले आणि आधी काही दिवस त्यांना वेगवेगळं ठेवलं. मग त्यांच्यात सामने लावले, त्यात रस्सीखेचही होती. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, एकमेकांचे झेंडे जाळणं, राहत्या खोल्यांवर हल्ले, इथपर्यंत मजल गेली. चांगल्या घरची, शाळेत नीट वागणारी मुलं होती ती.

यातला पुढचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि कार्यक्रम ठरवणाऱ्या प्रत्येकाने तो वाचावा असं वाटतं. हे वैर कमी करायला शेरीफ यांनी आधी दोन्ही गटांना नुसतं एकत्र आणलं. एकत्र सिनेमा दाखवला, एका खोलीत जेवायला बसवलं. काही उपयोग झाला नाही, जेवताना त्यांनी एकमेकांवर अन्न फेकलं. म्हणजे एकत्र मौज केली की माणसं आपोआप जवळ येतात, हे खरं नाही. मग त्यांनी अशा अडचणी उभ्या केल्या की ज्या एका गटाला एकट्याने सुटणाऱ्या नव्हत्या. शिबिराचं पाणी अडलं, ते सगळ्यांनी मिळून शोधून काढायचं. सामान आणणारा ट्रक बंद पडला, तो सगळ्यांनी ओढायचा. ट्रक ओढायला मुलांनी जो दोर घेतला तो रस्सीखेचीचाच होता. असे प्रसंग एकामागून एक आल्यावर हळूहळू वैर निवळलं. शेवटी परत जाताना मुलांनी एकाच बसमधून जायचं ठरवलं.

या प्रयोगावर नंतर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. आपल्यावर प्रयोग चाललाय हे मुलांना सांगितलेलं नव्हतं. तसं आज कुणी करू नये. पण दोर तोच, मुलं तीच, फक्त उभं राहायची बाजू बदलली, ही गोष्ट माझ्या मनातून गेली नाही. मी समितीच्या पुढच्या बैठकीत एवढंच म्हटलं, की ज्या दोन विभागांचं रोज वाजतं त्यांना खेळात समोरासमोर उभं करायचं नाही. त्यांची सरमिसळ करायची. सहा वर्षांत हा एक नियम आम्ही मोडलेला नाही.

रस्सीखेचीबद्दल बोलतेच आहे तर दोन गोष्टी सांगून टाकते. फ्रान्समधले शेतीअभियंता माक्सिमिलियाँ रिंगेलमान यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. त्यांचे आकडे १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकट्या माणसाचा जोर १०० धरला तर दोघं मिळून ओढताना प्रत्येकाचा ९३ भरतो, तिघं असताना ८५, आणि आठ जण असताना फक्त ४९. एकमेकांच्या वेळेत वेळ जुळत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे माझ्यावाचून अडत नाही ही भावना. १९७९ साली अमेरिकेत हाच प्रकार टाळ्या वाजवणं आणि ओरडणं यांवर करून पाहिला, तिथेही माणसं गटात असली की आपसूक हात राखून वागतात असं दिसलं. त्यामुळे पन्नास जणांना एका मैदानावर एका खेळात उतरवलं की उत्साही दहा जण खेळतात आणि बाकीचे उभे राहतात, याचं मला आता नवल वाटत नाही. आम्ही गट चार किंवा पाच जणांचेच करतो.

दुसरी गोष्ट सुरक्षेची. दोर हाताला गुंडाळून कधीही ओढू नये आणि मिळेल तो दोर वापरू नये. १९९७ साली तैपेईत सुमारे सोळाशे माणसांच्या रस्सीखेचीत दोर तुटला आणि दोन जणांचे हात दंडापासून तुटले. शस्त्रक्रिया करून ते परत जोडावे लागले. मजेच्या कार्यक्रमात घडलेली गोष्ट आहे ही. ज्यांना अजूनही रस्सीखेच ठेवायचीच आहे त्यांनी आधी दोर पाहावा, जमीन पाहावी, आणि ज्यांच्या पाठीचं, गुडघ्याचं दुखणं आहे त्यांना शिट्टी वाजवण्याच्या नावाखाली बाजूला बसवू नये. त्या माणसाला ते कळतं.

आता ‘कुणाकडे काय मागायचं नाही’ याबद्दल. हे सांगताना मला अजून त्रास होतो, कारण यात चूक माझी होती.

समितीतलं माझं पहिलंच वर्ष. मी खेळ सुचवला तो सगळ्या याद्यांमध्ये असतो. प्रत्येकाने आपला लहानपणीचा फोटो आणायचा, ते सगळे फळ्यावर लावायचे आणि कोण कुठला ते ओळखायचं. सामान लागत नाही, धावावं लागत नाही, दुखापत होत नाही. मला तो अगदी निर्धोक वाटला. फोटो गोळा करायची जबाबदारी मी घेतली आणि दोन आठवडे सगळ्यांच्या मागे लागले. पॅकिंगमधल्या एका मुलीने आज आणते, उद्या आणते असं केलं. शेवटच्या दिवशी मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं, ‘अगं, एक फोटो आणायला एवढे आढेवेढे कशाला?’ ती हसली. कार्यक्रमाच्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

बऱ्याच महिन्यांनी, गाडी उशिरा येणार होती म्हणून आम्ही दोघी शेडमध्ये थांबलो होतो, तेव्हा तिने आपणहून सांगितलं. तिच्याकडे लहानपणीचा एकही फोटो नाही. ती संस्थेत वाढली. आपण पाच वर्षांच्या असताना कशा दिसायचो हे तिला माहीत नाही. ‘ताई, तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही समजून घेतलं असतं,’ ती म्हणाली, ‘पण मग सगळ्यांना कळलं असतं ना, माझाच फोटो का नाही ते.’

फळ्यावर एकेचाळीस फोटो होते. मी ते ओळीने लावले होते, रंगीत कागदाची चौकट करून. सगळ्यांना मजा आली होती, कार्यक्रम छान झाला म्हणून मला शाबासकीही मिळाली होती.

तेव्हापासून आम्ही असा कुठलाही खेळ घेत नाही ज्यात माणसाला आपलं घर, बालपण, लग्न, मुलं, शरीर यांतलं काही पुढे ठेवावं लागतं. ‘तुमच्याबद्दल कुणालाच माहीत नसलेली गोष्ट सांगा’ हा खेळही बंद केला. ज्याला सांगायचं असतं तो त्याच्या वेळेला, त्याला हव्या त्या माणसाला सांगतो. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, तो खेळही आम्ही काढून टाकला. विश्वास बसावा म्हणून तो खेळतात, पण बाईमाणसाला अनेक पुरुषांच्या हातांवर पडायला सांगणं आणि नाही म्हटलं तर ‘विश्वास नाही का?’ असं विचारणं, यात जबरदस्ती आहे. तिला नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते.

याच संदर्भात फ्रान्समधला एक निकाल सगळ्यांना माहीत व्हायला हवा. तिथल्या एका कंपनीने आपल्या कर्मचाऱ्याला काढलं. कारणांमध्ये एक असं होतं की कंपनीची मौजमजेची जी रीत आहे, आठवडाअखेरच्या मेजवान्या, दारू वगैरे, त्यात तो मिसळत नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मौजेत सामील न होणं हा त्याच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, त्यावरून काढता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कोर्टापर्यंत जायची वेळ यावी इतकी सक्ती होत असेल तर तिला मजा कोण म्हणेल? माझं मत स्पष्ट आहे. कार्यक्रम कामाच्या वेळेत घ्यावा. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बोलवायचं आणि वर हजेरी घ्यायची, हे बरोबर नाही. ज्या बाईला आठवड्यातून एकच दिवस घरच्यांबरोबर मिळतो, तिला तो दिवस सहकाऱ्यांबरोबर हसत घालवायला लावून तुम्ही तिला जवळ आणत नाही.

एवढं वाचून कुणाला वाटेल की मी खेळांच्या विरोधात आहे. मुळीच नाही. आमच्याकडे जो एक खेळ खरोखर लागू पडला, तो सांगण्यासाठीच मी लिहायला बसले.

पाठीला पाठ लावून चित्र काढण्याचा हा खेळ. दोन खुर्च्या उलट्या तोंडांनी लावायच्या. एकाच्या हातात आकृती असते, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने आकृतीचं वर्णन करायचं, दुसऱ्याने ते ऐकून काढायचं. पहिल्या फेरीत काढणाऱ्याने एकही प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्या फेरीत आकृती बदलायची आणि हवे तितके प्रश्न विचारायची मुभा द्यायची. शेवटी कागद शेजारी शेजारी ठेवून पाहायचे. आकृत्या मी जुन्या चलनांच्या पाठीवर काढल्या होत्या. एक चौकोन, त्याला टेकून त्रिकोण, दोन वर्तुळं, एक तिरकी रेघ. बस इतकंच. जोड्या लावताना एक माणूस डिस्पॅचचा आणि एक अकाउंट्सचा.

आमच्याकडे गाडीत माल चढवणारे एक जण आहेत, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. वय चोपन्न. त्यांच्या जोडीला अकाउंट्समधली एक मुलगी आली, नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. पहिल्या फेरीत ती बोलत होती आणि दादांची पेन्सिल चौकोन काढून थांबली ती थांबलीच. ती बोलत राहिली. मी बाजूने पाहत होते, मला वाटलं यांना हे पोरकट वाटतंय, मन नाही. वेळ संपली तेव्हा त्यांच्या कागदावर नुसता एक चौकोन होता, बाकी कागद कोरा. बाकीच्या जोड्या आपापली वेडीवाकडी चित्रं बघून हसत होत्या. दादांनी कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

दुसरी फेरी सुरू झाली. प्रश्न विचारायला मोकळीक होती. दादांनी प्रश्न विचारला नाही, खुर्ची थोडी फिरवली आणि हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, माझा डावा कान जवळजवळ गेलाय. उजव्या बाजूने बोला.’ ती मुलगी उठली, आपली खुर्ची त्यांच्या उजव्या बाजूला आणली, पाठ मात्र नियमाप्रमाणे त्यांच्याकडेच ठेवली, आणि परत पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी एकेक आकार झाला की थांबायची. ‘झालं का, दादा?’ ते म्हणायचे, ‘झालं, पुढचं.’ त्रिकोणापाशी त्यांनी विचारलं, ‘खाली म्हणजे चौकोनाच्या आत खाली, की बाहेर खाली?’ तिने पाहिलं, म्हणाली, ‘बाहेर.’ त्यांचं चित्र जवळजवळ बरोबर आलं. वर्तुळं जरा मोठी होती.

मी त्यांच्याबरोबर सोळा वर्षं काम केलं होतं आणि मला हे माहीत नव्हतं. शेडमधला फोन बहुतेक वेळा तेच घ्यायचे, कारण ते दाराजवळ असायचे. वरच्या मजल्यावर त्यांची ख्याती अशी होती की हा माणूस उर्मट आहे, अर्ध्यात फोन ठेवतो. गाड्यांचा आवाज, माणसांची हाकाटी, त्यात एक कान गेलेला. त्यांना ऐकूच यायचं नाही आणि दोनदा ‘काय?’ विचारल्यावर तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटायची, म्हणून ठेवून द्यायचे.

खेळ झाल्यावर आम्ही वीस मिनिटं बोलायला ठेवली होती. हा भाग कुणी कधीही वगळू नये असं मी हात जोडून सांगेन. खेळ संपला की टाळ्या वाजवून उठतात आणि जे हाती लागलेलं असतं ते तिथेच सांडतं. त्या वीस मिनिटांत ‘आत खाली की बाहेर खाली’ यावरून गोष्ट निघाली आणि अकाउंट्सच्या एका गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्ही चलनावर नग लिहिता, ते खोकी की आतल्या वस्तू?’ आमच्याकडून दोघांनी एकदम उत्तर दिलं. एक म्हणाला खोकी, दुसरा म्हणाला वस्तू. खोलीत क्षणभर कुणी काही बोललं नाही. इतकी वर्षं आकडे जुळत नव्हते, त्यातले निदान काही या एका शब्दामुळे जुळत नव्हते. आता चलनावर दोन रकाने आहेत, खोकी वेगळी, वस्तू वेगळ्या. भांडणं संपली असं मी म्हणणार नाही. पण नगावरून आता होत नाहीत.

नंतर मुलीने दाखवलं की या खेळाच्या मागे जुना अभ्यास आहे. हॅरॉल्ड लेविट आणि रोनाल्ड म्यूलर यांनी १९५१ साली असाच प्रयोग केला होता. आयतांची एक रचना एकाने तोंडी सांगायची, बाकीच्यांनी काढायची. कधी प्रश्न विचारू द्यायचे, कधी नाही. प्रश्न विचारू दिले तेव्हा वेळ जास्त लागला, पण चित्रं जास्त अचूक आली आणि काढणाऱ्यांना आपलं बरोबर आहे याची खात्रीही जास्त वाटली. आमच्या शेडमध्ये ‘वेळ नाही’ म्हणून प्रश्न न विचारता कामं होत होती आणि नंतर तोच वेळ फोनवर वाद घालण्यात जात होता.

एमी एडमंडसन नावाच्या अभ्यासक बाईंनी १९९९ साली टीममधल्या मानसिक सुरक्षिततेवर लिहिलं. चुकलं, समजलं नाही, जमत नाही, हे बोलल्यावर आपला पाणउतारा होणार नाही अशी खात्री असलेल्या टीम जास्त शिकतात, असं त्यांना दिसलं. मला त्यांचं वाक्य न् वाक्य कळलं असं नाही, पण दादांचा उलटा करून ठेवलेला कागद मी पाहिला आहे. पहिल्या फेरीच्या नियमांत त्यांना बोलायला जागा नव्हती. दुसऱ्या फेरीने ती दिली.

आणखी एक आकडेवारीचा अभ्यास मी समितीत नेहमी पुढे करते. २००९ साली टीम बिल्डिंगवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. ध्येय ठरवणं, आपसातले संबंध सुधारणं, अडचणी सोडवणं आणि कुणाचं काम काय हे स्पष्ट करणं, असे चार प्रकार पाहिले. उपयोग चारांचाही दिसला, पण सगळ्यात जास्त ध्येय ठरवण्याचा आणि कामं स्पष्ट होण्याचा. म्हणून आम्ही आता वर्षातून एकदा विभागांची अदलाबदल करतो. अर्धा दिवस अकाउंट्सची दोन माणसं शेडमध्ये येऊन माल मोजतात, आमची दोन वर बसून बिलं जुळवतात. याला खेळ म्हणायचं की नाही यावर बैठकीत चर्चा झाली. माझ्या मते म्हणावं, कारण त्या दिवशी शेडमध्ये जेवढं हसू ऐकू येतं तेवढं क्रीडादिनाला कधी आलं नाही. वरच्या एका साहेबांनी पहिल्यांदा खोकं उचललं तेव्हा दादांनी त्यांना गुडघ्यात वाकायला शिकवलं, पाठीत नाही. साहेबांनी ते दिवसभर पाळलं.

मनोरे बांधायचा खेळही चांगला आहे. पीटर स्किलमन यांनी तो काढला आणि टॉम वुजेक यांच्या २०१० सालच्या भाषणामुळे जगभर पोचला. वीस स्पॅगेटीच्या काड्या, एक यार्ड चिकटपट्टी, एक यार्ड दोरा, एक मार्शमेलो (मऊ, फुगीर गोड गोळी) आणि १८ मिनिटं. मार्शमेलो टोकावर ठेवून सगळ्यात उंच मनोरा उभा करायचा. वुजेक सांगतात की बालवाडीतली मुलं व्यवस्थापन शिकलेल्यांपेक्षा उंच मनोरे बांधतात, कारण ती पहिल्यापासून मार्शमेलो ठेवून ठेवून बघतात. मला त्यातलं दुसरंच निरीक्षण जास्त आवडलं. कंपन्यांच्या प्रमुखांच्या गटात त्यांची कार्यालयीन सहायक असली की तो गट पुष्कळ चांगलं काम करतो. वेळेकडे लक्ष ठेवणं, सगळ्यांना बोलतं ठेवणं, हे तिला येतं. अन्न वाया घालवायचं नाही म्हणून आम्ही जुने कागद गुंडाळून काड्या करतो आणि टोकावर कागदाचा बोळा ठेवतो. आणि गटात सगळ्यात वरच्या हुद्द्याचा जो असेल त्याने पहिली पाच मिनिटं फक्त चिकटपट्टी तोडून द्यायची, बोलायचं नाही, हा नियम आमचा स्वतःचा आहे. तो जरूर करून पाहावा. शिपाई आणि पॅकिंगच्या मुली काय काय सुचवतात ते त्या पाच मिनिटांत कळतं.

दादांनी नंतर कानाची तपासणी करून घेतली. मशीन घेतलं आहे, पण शेडच्या गोंगाटात त्याचा त्रास होतो म्हणून माल चढवताना काढून ठेवतात. फोनजवळ आता दुसरा माणूस बसतो. वरून कुणी खाली आलं तर त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहतं, हे आता कुणाला सांगावं लागत नाही.

पॅकिंगमधल्या त्या मुलीला मी यंदा समितीत घेतलं आहे. नवा खेळ सुचला की तो आधी तिला विचारते. यात कुणाची अडचण होईल का, हे तिला माझ्या आधी दिसतं. मागच्या महिन्यात तिने एक खेळ नको म्हटला, कारण त्यात चिठ्ठीवरचं भराभर वाचायचं होतं आणि लोडिंगमधल्या दोघांना वाचता येत नाही. मला हे सुचलं नसतं.

एक गोष्ट मात्र आम्हाला अजून जमलेली नाही आणि त्यासाठी आपल्या वाचकांची मदत हवी आहे. आमच्या रात्रपाळीला अकरा माणसं असतात. कार्यक्रम दिवसा ठेवला तर त्यांची झोप मोडते, रात्री ठेवला तर काम थांबतं आणि दिवसाची माणसं येत नाहीत. सहा वर्षांत ही अकरा माणसं एकाही खेळात नव्हती. पाळी बदलताना जी पंधरा मिनिटं दोन्हीकडची माणसं एकत्र असतात, तेवढ्यात बसेल असं काही आम्ही शोधतो आहोत. आधीच थकलेल्या माणसाला थांबवायचं आहे, त्यामुळे उड्या मारायला लावणारं नको, आणि कामाची माहिती एकीकडून दुसरीकडे जाईल असं हवं. ज्यांच्याकडे पाळ्यांमध्ये काम चालतं त्यांनी काही करून पाहिलं असेल, तर कृपया याच सदरात लिहावं.

आपली,
डिस्पॅच विभागातली एक वाचक